सी हॉक, १/७२ : पावसाळ्यातल्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

हॉकर सी हॉक, १/७२. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं जेट विमान. माझं पहिलंच मॉडेल. ऑफिसातले एक सर निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला चालले होते. माळा रिकामा करताना त्यांनी हा खोका माझ्याकडे सरकवला. साचा जुना, खोका चेपलेला, पण सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या सगळ्या फ्रेमा अख्ख्या आहेत आणि सूचनापत्रकही शाबूत आहे. डेकलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या चिन्हांचा, कागद मात्र पार पिवळा पडलाय.

खरं विमान १२.०९ मीटर लांब, पंखांची रुंदी ११.८९ मीटर. बहात्तरने भागलं की लांबी पावणेसतरा सेंटिमीटर आणि रुंदी साडेसोळा. टेबलावर मावेल.

डेकल ब्रिटिश नौदलाचे आहेत, ते लावायचे नाहीत. हे विमान होणार आपल्या नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनचं, व्हाइट टायगर्सचं, जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरचं. आमच्या घरात दुसरं काही चाललंही नसतं. बाबा नेव्हल डॉकयार्डात बॉयलरच्या कामावर फिटर होते.

त्यांना खोका दाखवला. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ चित्र बघत होते. म्हणाले, "आम्हांला ही विमानं कुठे दिसायची? बोट मुंबईत, विमानं गोव्याला." जहाज बंदराकडे वळलं की विमानं डेकवरूनच उडून दाबोळीला 'हंसा' या नौदलाच्या विमानतळावर जायची. मग थोडं थांबून म्हणाले, "पण उडायची ती आमच्या वाफेवर." डेकवरून विमान फेकणारा कॅटपल्ट वाफेचा, वाफ बॉयलरची. म्हणजे अर्धं विमान बाबांचंच निघालं.

मुदत: २७ ऑगस्टला गणपती. हे टेबल गणपतीचं. पंचवीस तारखेला ते रिकामं हवं, असं आईने आजच बजावलंय.

१४ जून, शनिवार

हत्यारं गोळा केली. लॅमिंग्टन रोडला साइड कटर आणि दोन चिमटे, एक सरळ, एक बाकदार. नागदेवी स्ट्रीटला बारीक कानशींचा संच, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर आणि एक छोटा गुण्या. प्रिन्सेस स्ट्रीटला ११ नंबरची सर्जिकल ब्लेडं आणि त्यांना बसणारं ३ नंबरचं हँडल. 'हॉबी नाइफ' म्हणून हेच ऑनलाइन कितीतरी महाग मिळतं. सिमेंट (प्लास्टिक जोडायचं), रंग आणि छोट्या कंप्रेसरसकट रंग फवारायचा एअरब्रश ऑनलाइन मागवला.

१५ जून, रविवार

फ्रेमा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतल्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य राहिलं असेल तर रंग धरत नाही.

भाग फ्रेमीपासून तोडताना कटर थेट भागाला टेकवायचा नाही. आधी जरा लांब कापायचं, मग उरलेला खुंट ब्लेडने, शेवटी पेपर. थेट कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन तिथे पांढरा डाग पडतो किंवा खड्डा होतो. साचा जुना असल्याने भागांच्या कडांना कागदासारखी पातळ झालर सुटलीय, फ्लॅश म्हणतात ती. संध्याकाळ तीच तासण्यात गेली.

सिमेंटची गंमत वेगळी. टॅमियाचं एक्स्ट्रा थिन हे डिंकासारखं चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतं. दोन भाग कोरडे जुळवून धरायचे, ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, द्रव आपोआप फटीत धावतो. अर्ध्या मिनिटाने हलकेच दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. ती पुसायची नाही. वाळल्यावर पेपर मारला की जोडच दिसत नाही. फ्रेमीच्या तुकड्यांवर हे बराच वेळ करत बसले. वासामुळे आईने खिडक्या सताड उघडल्या, मग पावसाचे शिंतोडे आत. पंखा लावता येत नाही, कारण लहान भाग उडतात आणि ते शोधायला कॉटखाली जावं लागतं.

बाबांचं एकच वाक्य: "आधी बसवून बघ, मग चिकटव."

२१ जून, शनिवार

सी हॉकची खरी मजा मधल्या भागात आहे, म्हणून आज दुसरं काही केलं नाही.

जेट म्हटलं की शेपटाला नळकांडं असणार असं डोक्यात असतं. याला ते नाही. नीन इंजिन धडाच्या मध्यात आहे. हवा घ्यायची तोंडं दोन्ही पंखांच्या मुळाशी पुढच्या बाजूला, आणि धूर सोडायची तोंडंही पंखांच्या मुळाशीच, मागच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक. इंजिनामागून निघालेली नळी दुभंगून डावी-उजवीकडे वळते. हॉकर कंपनीचा डिझायनर सिडनी कॅम, त्याच्या चमूने हे केलं त्याने दोन गोष्टी साधल्या. नळी आखूड राहिली, म्हणून जोर वाया जात नाही. आणि शेपटाकडचं धड मोकळं राहिल्याने तिथे इंधनाची टाकी बसली. मूळ नमुना २ सप्टेंबर १९४७ ला पहिल्यांदा उडाला. त्या काळी बोटीवरून उडणाऱ्या जेटला इंधन जवळ असणं म्हणजे सगळंच.

हे वाचलेलं होतं, पण पंखाचा वरचा आणि खालचा भाग हातात धरून धडाला लावल्यावर कळलं की पंखाचं मूळ एवढं जाड का आहे. त्याच्या पोटातून हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. वरून बघितलं की पंख धडाला लावलेला वाटत नाही, धडच पसरत पंख झालंय असं वाटतं.

कामाच्या दृष्टीने अडचण अशी, की चारही तोंडांची आतली बाजू जोडल्यावर पोचत नाही. म्हणून जोडण्याआधीच रंगवली: पुढची फिकट, मागची जळक्या लोखंडाच्या रंगाची, कडेला किंचित काळपट. पुढच्या तोंडांत दोन भागांचा सांधा समोरच येतो. गुंडाळलेल्या पेपरने तो घासला. अर्धा इंच आतपर्यंत गुळगुळीत, त्यापुढे अंधार आहे, दिसणार नाही.

२२ जून, रविवार

नाकात वजन. विमान तीन चाकांवर उभं राहतं, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. प्लास्टिकचं वजन मागे जास्त, म्हणून नाकात शिसं भरलं नाही तर ते शेपटावर बसतं.

किती भरायचं हे पत्रकात धड दिलेलं नाही. धडाचे दोन अर्ध, पंख, शेपूट सगळं चिकटपट्टीने तात्पुरतं बांधलं. मागची चाकं जिथे येणार त्या रेषेवर खालून पेन्सिल आडवी ठेवली आणि नाकावर गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या एकेक करून ठेवत गेले. नाक खाली गेल्यावर आणखी दोन घातल्या, कारण पुढे रंग आणि मागचे बारीक भाग चढणार आहेत. गोळ्या भाऊच्या धक्क्याजवळच्या जाळी-गळाच्या दुकानातल्या. दुकानदाराने विचारलं, "ताई, कुठल्या माशासाठी?" विमानासाठी म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही.

गोळ्या नाकात इपॉक्सी पुटीने घट्ट बसवल्या. सुट्या राहिल्या असत्या तर जन्मभर खुळखुळत बसल्या असत्या.

२९ जून, रविवार

धड जोडलं, पंख लावले. पंख दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहेत का हे डोळ्यांनी ठरत नाही. बाबांनी काचेचा तुकडा आणला, त्यावर धड टेकवलं, शेपटाचा उभा पंख गुण्याला लावून सरळ केला आणि दोन्ही पंखांच्या टोकांखाली पत्त्यांचे ढीग लावले. डावीकडे एक पत्ता कमी-जास्त करून नेमकं जुळवलं. सी हॉकचं आडवं शेपूट धडावर नाही, उभ्या पंखाच्या मध्यावर आहे. तेही तसंच पत्त्यांवर टेकवून रात्रभर ठेवलं.

पंख दुमडलेले ठेवायचे का, असा विचार आला होता. खरे दुमडतात, बोटीच्या पोटातल्या हँगरमध्ये जागा कमी म्हणून. पण या साच्यात सोय नाही आणि करवत चालवायची हौस नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी

बाबा पहाटेच वडाळ्याला विठोबाच्या दर्शनाला गेले. टेबल दिवसभर माझं.

पंखाच्या मुळाशी वरून दोन्हीकडे फट आहे, नखाचं टोक जाईल एवढी. पुटी भरून ओल्या कापसाच्या काडीने कडा पुसून घेतल्या, म्हणजे नंतर घासावं कमी लागतं. मग ४००, ६००, १०००. घासताना जुन्या साच्याच्या उठावाच्या रेषा पुसल्या जातात. नव्या साच्यांत पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा खोलगट असतात, यात उंच आहेत. गेलेल्या रेषा मी परत आणल्या नाहीत. बहात्तर पटींनी लहान केल्यावर तशाही त्या दिसायला नकोत.

बाबा परतले, सांध्यावरून हाताचं बोट फिरवून बघितलं आणि डावीकडे एका जागी थांबले. मला काहीच लागत नव्हतं, त्यांना लागलं. पुन्हा ६००.

१३ जुलै, रविवार

राखाडी प्रायमरचा एक हात. बारीक ओरखडे वर आले, घासले, दुसरा हात. एअरब्रश अधूनमधून पाण्याचे थेंब थुंकत होता. कंप्रेसर हवा दाबतो, दाबलेली हवा पाइपात थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. जुलैतल्या परळच्या हवेत बाष्पाला तोटा नाही.

बाबा चहा घेत बघत होते. म्हणाले, "ट्रॅप कुठे लावलाय?" ट्रॅप म्हणजे हवेतलं पाणी अडवायची बाटली. ती कंप्रेसरच्या तोंडाशीच होती. "तिथे हवा गरम असते. गरम हवेतून पाणी कसं सुटेल? लांब लाव, आणि पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी." जहाजावरच्या वाफेच्या लायनींवर स्टीम ट्रॅप असतात, थंड झालेलं पाणी काढून टाकायला. तेच शास्त्र. पाइपाला टेबलाखाली एक वळसा देऊन ट्रॅप तिथे टांगला. थुंकणं बंद.

१९ जुलै, शनिवार

पोटाचा रंग: स्काय. नाव आकाशाचं, रंग फिकट हिरवट. लॅकर मारला, दहा मिनिटांत सगळ्या पोटावर पांढरट धुरी. हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता ८८ टक्के दाखवत होता.

कारण सोपं आहे. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि दमट हवेतलं पाणी त्या थंड ओल्या रंगावरच उतरतं. मे अखेरीपासून पाऊस आहे, हवा कोरडी होण्याची वाट बघायची तर ऑक्टोबर उजाडेल.

२० जुलै, रविवार

गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे. लहानपणापासून येता-जाता बघते, आज पहिल्यांदा शिकायला म्हणून आत गेले. ऐन हंगाम, तिथले मूर्तिकार दादा, त्यांना मान वर करायला फुरसत नाही. तरी हातातलं विमान बघून हसले. "पांढरं पडलं ना? आमचं पण पडतं."

त्यांची पद्धत बघत तासभर उभी राहिले. रंग दुधापेक्षा पातळ. गन सुरू होते मूर्तीच्या बाहेर, अंगावरून एका चालीत जाते आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बंद होते. मध्येच थांबत नाहीत. पहिला हात इतका विरळ, की खालचा पांढरा स्वच्छ दिसतो. तो सुकल्यावर दुसरा, मग तिसरा. ज्या मूर्तीवर काम चालू तिच्याजवळ हॅलोजन लावून ठेवलेला, म्हणजे मूर्ती मुळातच कोमट असते आणि तिच्यावर पाणी उतरत नाही. पाऊस जोरात लागला की फवारणी थांबवून माणसं दागिन्यांच्या ब्रशकामाला बसतात.

"तुझं प्लास्टिक आहे, हॅलोजन नको, वाकडं होईल," हे त्यांनीच सांगितलं. "आणि हार्डवेअरचं एनसी थिनर त्यात ओतू नको." ते मी फक्त एअरब्रश धुवायला वापरते. प्लास्टिकवर ओलं पडलं तर खातं.

निघताना म्हणाले, "आखणीला ये बघायला." आखणी म्हणजे डोळे. ते काम ते कुणाच्या हाती देत नाहीत.

२६ जुलै, शनिवार

थर्माकोलच्या खोक्यात जुना पिवळा बल्ब टांगला, झाकणाला भोकं पाडली. आत हात घातला तर ऊबदार वाटावं एवढंच, भाजू नये. विमान अर्धा तास त्यात ठेवलं. थिनर बदललं: रिटार्डर असलेलं लेव्हलिंग थिनर, जे सावकाश उडतं. धुरी आलेल्या पोटावर आधी नुसतं तेच विरळ फवारलं, निम्मी धुरी तिथेच विरली. मग स्काय, दादांसारखा, बाहेरून बाहेर. पुन्हा खोक्यात.

पोट एकसारखं आलं. दाब १५ ते २० पीएसआयच्या मध्ये ठेवला. मास्क कार्बन फिल्टरचा, कापडी नव्हे.

३ ऑगस्ट, रविवार

वरचा रंग, एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, मिस्टर कलरचा ३३३. पोट चिकटपट्टीने झाकलं. फोटो बघून सीमा ठरवली आणि पट्टीची कड आधी स्कायनेच बंद केली. पट्टीखाली रंग शिरायचाच असेल तर खालचाच शिरतो आणि रेषा स्वच्छ येते.

पट्टी काढताना बाबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना ही राखाडी ओळखीची. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते डॉकयार्डात नव्हते, पण ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्याकडून 'विक्रांत'च्या बॉयलरची गोष्ट पाठ आहे. बॉयलरला तडा गेला होता, वेग कमी ठेवावा लागत होता, आणि तशातच जहाज बंगालच्या उपसागरात गेलं. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. जहाज सावकाश म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमान उडवणं अवघड. बाबा हे सांगताना विमानांबद्दल एक शब्द बोलत नाहीत, सगळं बॉयलरबद्दल.

१० ऑगस्ट, रविवार

तिरंगी चक्रं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डेकल नाहीत, म्हणून रंगवायचीच ठरवली. चिकटपट्टीतून कंपासला ब्लेड लावून गोल कापले: एक खिडकी, एक कडं, एक टिकली.

गडद राखाडीवर केशरी थेट मारला तर विटकरी दिसतो. म्हणून आधी खिडकीतून पांढरा, तीन विरळ हात. मग पांढऱ्या कड्याची आणि आतल्या टिकलीची जागा झाकून केशरी. तो सुकल्यावर टिकली काढायची, केशरी झाकायचा आणि हिरवा. चारही पंखपृष्ठं आणि धडाच्या दोन बाजू. सगळ्यात जास्त वेळ रंगाला नाही, गोल नेमका मध्यावर बसवायला लागला.

केशरी कुठला हा प्रश्न होता. दादांनी बाटलीत नारिंगीत पिवळ्याचे दोन थेंब टाकून दिले आणि म्हणाले, "सुकल्यावर गडद होतो, ओला बघून ठरवू नको."

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. खाली एवढा दणदणाट, की कंप्रेसरबद्दल आज शेजारून तक्रार नाही. ग्लॉस क्लिअरचा हात मारून घेतला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. लोकल बंद, ऑफिस घरून, म्हणजे दुपारी टेबल मोकळं.

'आयएन' (इंडियन नेव्ही) ही अक्षरं आणि नंबर पारदर्शक डेकल कागदावर झेरॉक्सवाल्याकडे लेझरने छापून आणले होते. स्कायवर काळी अक्षरं, त्यामुळे पांढऱ्या शाईची गरज नाही. इंकजेटची शाई पाण्यात फुटते, लेझरची नाही, तरी वर क्लिअरचा एक हात दिला. मायक्रो सेट हे डेकल बसवायचं द्रव खाली, डेकल वर, सरकवून जागेवर, मग ते मऊ करणारं मायक्रो सोल. सोल लावल्यावर डेकल सुरकुततं. त्याला हात लावायचा नाही, सुकताना आपोआप ताणून बसतं.

वैमानिकाच्या डोक्यावरची काचेची कॅनपी फेविकॉलने बसवली. झटपट ग्लूची वाफ काचेवर पांढरी धुरी धरते; फेविकॉल सुकल्यावर पारदर्शक होतो आणि कडेला सांडलेला ओल्या फडक्याने निघतो. या हवेत सुकायला रात्र लागेल.

२४ ऑगस्ट, रविवार

मॅट क्लिअर. चाकं, चाकांची झाकणं, शेपटाखालचा हुक. डेकवरच्या तारेत अडकून विमान थांबवायचा तो हाच, माचिसच्या काडीपेक्षा बारीक. तीन चाकांवर ठेवलं, नाक खालीच राहिलं. शिसं पुरलं.

काल दादांची आखणी बघून आले. एका श्वासात एक भुवई. त्यांना विमान दाखवलं. चक्र नखाच्या अंतरावर धरून बघितलं आणि म्हणाले, "हिरवा अजून एक हात मागतोय." मागतोय खरा, डाव्या पंखावरचा. पण वर मॅट बसलाय, आता राहू दे.

आईने टेबल पुसून घेतलं. विमान बाबांच्या कपाटावर, 'विक्रांत'च्या फोटोशेजारी. ती २०१४ च्या शेवटी मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर तुटायला लागली तेव्हा बाबा एकदाच बघायला गेले, पुन्हा गेले नाहीत. लायन गेटसमोरच्या तिच्या स्मारकाजवळून मात्र आवर्जून जातात.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. टेबल परत आलं.

जेवताना बाबांनी विचारलं, बोट याच मापात केली तर केवढी होईल? लांबी सुमारे २१३ मीटर. भागाकार करून सांगितलं, तीन मीटरला थोडी कमी. त्यांनी उठून टेप काढला आणि दारापासून खिडकीपर्यंत धरला. आई काही बोलली नाही, पण ताट वाजवून ठेवलं.

बोट नाही. पुढचं अलिझे, 'विक्रांत'वरचंच, पंखा असलेलं, पाणबुड्या शोधणारं. खोका मागवलाय. पाऊस ओसरेपर्यंत कापणं आणि घासणं, फवारणी दिवाळीनंतर.